हट्टी व्हायरस, माझं सेलूचं दुकान आणि मी वापरून पाहिलेले उपाय

सेलूत स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझं झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे. दोन कम्प्युटर, एक लेझर प्रिंटर, झेरॉक्स मशीन, अंगठ्याचं यंत्र आणि बसायला दोन बाकडी, एवढाच पसारा. अकरा वर्षांत लाईट, नेट आणि सर्व्हर या तिघांनी मला पुष्कळ छळलं, पण २०२४ च्या पावसाळ्यात जे झालं त्यानं झोप उडाली. तेव्हा मी काय काय वापरलं, कशावर पैसे घातले आणि गुण कशानं आला, ते सगळं लिहिते. असंच दुकान चालवणाऱ्यांच्या कामाला यावं, एवढीच इच्छा.

तो जुलै आठवा. एक रुपयात पीक विमा भरायचा म्हणून शेतकरी सकाळी सातपासून दारात. त्यातच लाडकी बहीण योजना आली आणि आधार, रेशनकार्ड, पासबुकाच्या झेरॉक्ससाठी बायांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली. नेमका तेव्हाच काउंटरवरचा कम्प्युटर जड चालायला लागला. आधी वाटलं, साईटवर लोड असेल. मग लक्षात आलं, काहीच उघडं नसताना आतला पंखा एकसारखा घोंघावतोय आणि कॅबिनेट हाताला गरम लागतंय. बघावं म्हणून टास्क मॅनेजर, म्हणजे आत काय काय चालू आहे ते दाखवणारी खिडकी, उघडला, तर पंखा शांत, प्रोसेसर चार-पाच टक्क्यांवर. बंद केला की दोन मिनिटांत परत घरघर. तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच. मी बघतेय का, याच्यावर आत बसून कुणीतरी नजर ठेवून होतं. अंगावर काटा आला.

याला मायनर म्हणतात. आपल्या प्रोसेसरवर आभासी चलनाची गणितं सोडवायची आणि कमाई दुसऱ्याच्या खिशात घालायची, हे त्याचं काम. लाईटबिल आपलं, मशीन आपलं. टास्क मॅनेजर उघडला की दडी मारायची, हे त्याला शिकवूनच पाठवलेलं असतं. त्यामुळं कम्प्युटर विनाकारण तापत असेल आणि टास्क मॅनेजर उघडताच सुधारत असेल, तर पंखा साफ करत बसू नका.

दुसरं लक्षण दोन दिवसांनी कळलं आणि ते मला जास्त लागलं. जिंतूरकडच्या एका गावची मुलगी माझ्याकडून प्रवेशाच्या कागदांची प्रिंट काढून गेली होती. दुसऱ्या दिवशी ती वडिलांना घेऊन परत आली. म्हणाली, "मॅडम, पेनड्राईव्हमधलं सगळं गेलं की हो. नुसते बाण दिसायलेत." वडील बाकावर टेकले आणि हळूच विचारलं, "ताई, वरीस तर जायचं नाही ना लेकीचं?"

तिच्या फाईली गेल्या नव्हत्या. हा व्हायरस खऱ्या फाईली लपवतो आणि त्यांच्या नावाचे शॉर्टकट समोर मांडून ठेवतो. आपण शॉर्टकटवर क्लिक केलं की फाईल उघडल्यासारखी वाटते, पण सोबत त्याचा प्रोग्रॅमही चालतो आणि तो कम्प्युटर बाधतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये ॲट्रिब ही आज्ञा देऊन लपवलेल्या फाईली बाहेर काढता येतात. मी तिच्या काढून दिल्या. पण तो पेनड्राईव्ह माझ्याच काउंटरवर बाधला होता. तेवढ्या चार-पाच दिवसांत कितीजणांनी माझ्याकडं पेनड्राईव्ह लावले असतील! लोक विश्वासानं आधार, पासबुक, सातबारा माझ्या हातात देतात, आणि माझ्या दुकानातून रोग गावभर चालला होता.

तो आला कुठून, हेही सांगते. मे महिन्यात लग्नपत्रिकांचं काम जोरात असतं. डिझाईनचं महागडं सॉफ्टवेअर मी कुणाच्या तरी पेनड्राईव्हवरून क्रॅक केलेलं, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेलं, घेतलं होतं. झिप फाईलला पासवर्ड होता आणि सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, की सेटअप चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा. मी केलं. आता कळतं, की झिपला पासवर्ड लावतात तो अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणून. विकत घेतलेला पहारेकरी मी स्वतः घरी पाठवला आणि मग दार उघडलं. चूक माझीच होती.

आता उपायांकडं.

पहिला उपाय म्हणजे तेव्हा मशीनवर असलेलं पेड अँटिव्हायरस. नाव लिहीत नाही. फुल स्कॅन लावला, अडीच तास लागले, अकरा वस्तू सापडल्या, सगळ्या काढल्या असं हिरव्या अक्षरांत आलं. रिस्टार्ट केला आणि दहा मिनिटांत पंखा सुरू. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. कारण साधं आहे. विंडोज चालू असताना व्हायरसही चालू असतो. एक फाईल काढली की दुसरी तिला परत आणून ठेवते, आणि टास्क शेड्युलरमध्ये ठरावीक वेळानं उठायचा गजर आधीच लावलेला असतो. उभ्या पिकात हरळी खुरपण्यासारखंच ते, वरून रान स्वच्छ दिसतं आणि मुळी खालीच राहते.

मग वाटलं, हे अँटिव्हायरसच कमी पडतंय. दुसरं घेऊ. एका विक्रेत्याकडून एका वर्षाची की, म्हणजे ते चालू करायचा नंबर, स्वस्तात घेतली. परत येऊन टाकली तर की आधीच वापरलेली निघाली. त्यानं ना पैसे परत दिले, ना दुसरी की. यावरून एकच सांगते: की घ्यायची तर कंपनीच्या साईटवरून घ्या, नाहीतर खोक्यावरचा खरवडायचा भाग शाबूत आहे हे पाहून आणि बिल घेऊन. आणि निघायच्या आधी ती वापरलेली नाही ना, हे विक्रेत्याकडून पक्कं करून घ्यायला लाजू नका.

तिसरा उपाय, फॉर्मॅट. रिपेअरवाल्यानं ५०० रुपये घेतले आणि संध्याकाळपर्यंत मशीन परत दिलं. त्या रात्री मला खरंच हलकं वाटलं. आठव्या दिवशी पंखा परत घोंघावायला लागला. फॉर्मॅट त्यानं फक्त सी ड्राईव्ह, म्हणजे विंडोज असलेला भाग, केला होता. ते क्रॅकचं सेटअप डी ड्राईव्हवर तसंच होतं. शिवाय त्यानं विंडोज टाकलं ते कुठल्याशा पेनड्राईव्हवरचं आणि चालू केलं ॲक्टिव्हेटर, म्हणजे लायसन्सशिवाय विंडोज चालू करणारा चोरटा प्रोग्रॅम, वापरून. त्या ॲक्टिव्हेटरसाठी डिफेंडर, म्हणजे विंडोजचं स्वतःचं अँटिव्हायरस, बंद केला होता आणि अख्खा सी ड्राईव्ह 'इथं तपासू नका' या यादीत घालून ठेवला होता. मला सगळ्यात राग याचा आला, की याची काही गरजच नव्हती. मशीन ब्रँडचं होतं, विंडोज १० सोबत आलेलं. त्याचं डिजिटल लायसन्स मशीनलाच जोडलेलं असतं. तेच एडिशन परत टाकलं की नेट लागल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होतं. पैसे भरलेल्या माणसाच्या घरात हा रिपेअरवाला चोरवाटेनं शिरला.

गुण आला तो इथून पुढं. काही वर्षांपूर्वी माझ्याकडं टायपिंग शिकायला यायची ती एक मुलगी आता पुण्याला हिंजवडीत कामाला आहे. तिला फोन केला. ती म्हणाली, "मॅडम, घरात चोर असताना झाडू मारून काय होणार? आधी घर झोपवा, मग बाहेरून तपासा." म्हणजे विंडोज चालूच करायचं नाही. दुसऱ्या स्वच्छ कम्प्युटरवर पेनड्राईव्ह तयार करायचा आणि त्याच्यावरून मशीन सुरू करायचं.

भाच्याच्या लॅपटॉपवर मी कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीची रेस्क्यू डिस्क उतरवून घेतली. फुकट आहे. विंडोजवर नाही, लिनक्स या वेगळ्या सिस्टीमवर चालते, म्हणून आतला विंडोजचा व्हायरस तिच्यापुढं नुसती पडून असलेली फाईल असतो. इथं एक खोच आहे, ती मला रात्री साडेनऊला कळली. विंडोज १० नेहमीच्या शटडाऊननं पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि मग बाहेरच्या डिस्कला ड्राईव्हवर हात लावता येत नाही. शिफ्ट दाबून धरून शटडाऊन करायचं, मग ते खरं बंद होतं. त्यानंतर बूट मेनू, म्हणजे मशीन कशावरून सुरू करायचं ते निवडायची यादी. माझ्या मशीनला एफ-१२. या डिस्कमध्ये असताना नेट लावायला हरकत नाही, उलट लावावंच, कारण व्हायरसची नवी यादी ती नेटवरून घेते.

शटर अर्धं ओढून मी बसले. पावसाची झड लागलेली, पत्र्यावर आवाज, पुढं स्कॅनची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकतेय. साडेअकराला लाईट गेली. यूपीएसनं वीस मिनिटं धरलं, मग सगळं बंद. एकला लाईट आली, पहिल्यापासून सुरू. पहाटे साडेचारला संपलं. डी ड्राईव्हवरचं क्रॅकचं सेटअप, प्रोग्रॅमडेटा फोल्डरमध्ये गुगलच्या अपडेटसारखं नाव घेऊन बसलेला मायनर, आणि शॉर्टकटवाली स्क्रिप्ट, असं सगळं त्यात निघालं. पाचला घरी गेले आणि सातला परत दार उघडलं.

एकाच तपासणीवर विसंबू नका, असं तिनं बजावलं होतं. मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनर आहे, तोही फुकट. उतरवल्यापासून दहाच दिवस चालतो, म्हणून दरवेळी ताजा घ्यायचा. शिवाय मायक्रोसॉफ्टचंच ऑटोरन्स नावाचं एक साधन आहे. कम्प्युटर सुरू होताना काय काय उठतं, त्याची सगळी पत्रिका ते मांडतं. मी एकेक ओळ फोनवर वाचून दाखवत होते आणि ती सांगत होती, हे राहू द्या, हे काढा. दोन शेड्युल्ड टास्क अजून शिल्लक होते. फाईल गेली होती, गजर तसाच होता. होस्ट्स फाईलमध्ये, म्हणजे साईटचे पत्ते वळवता येतात त्या विंडोजच्या फाईलमध्ये, अँटिव्हायरस कंपन्यांच्या साईटचे पत्ते अडवून ठेवलेले होते. काही साईट का उघडत नाहीत, हे कोडं मला महिनाभर पडलं होतं, ते तिथं सुटलं. डिफेंडरमधली ती 'तपासू नका'ची यादी रिकामी केली, टॅम्पर प्रोटेक्शन, म्हणजे डिफेंडर दुसऱ्या प्रोग्रॅमला बंद करू न देणारं कुलूप, चालू केलं आणि शेवटी डिफेंडरचाच ऑफलाईन स्कॅन लावला. हा विंडोज १० आणि ११ मध्ये आतच आहे. व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये स्कॅन ऑप्शन्स, तिथं सगळ्यात खाली. मशीन स्वतः रिस्टार्ट होतं, विंडोज चढायच्या आधी पंधरा-एक मिनिटं तपासतं. त्यात आणखी एक निघालं. लोक दोन-दोन हजारांची अँटिव्हायरस घेतात आणि हे बटण घरात आहे, हेच ठाऊक नसतं. मला तरी कुठं होतं?

पंखा शांत झाला. तरीही मी ते मशीन पुन्हा पूर्ण पुसलं. तिनं विचारलं, आता कशाला? घरचा कम्प्युटर असता तर मीही थांबले असते. पण रोज शंभर माणसांचे आधार नंबर ज्या मशीनवर टाईप होतात, ते 'बहुतेक स्वच्छ आहे' या भरवशावर चालवायला माझं मन होईना. भाच्याच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या साईटवरून विंडोज घेतलं, सगळी पार्टिशनं काढून टाकली आणि नव्यानं टाकलं. ॲक्टिव्हेशन आपोआप झालं. सोबत जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी घातली. मशीनचा वेग बघून वाटलं, हे दोन वर्षांपूर्वीच करायला पाहिजे होतं.

पासवर्ड फोनवरून बदलले, मोबाईल डेटावर, दुकानाच्या मशीनला हात न लावता. असले प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये जपून ठेवलेले पासवर्ड उचलून नेतात, म्हणून आधी ईमेल, मग पोर्टल, मग वॉलेट, आणि ईमेलमधून सगळ्या उपकरणांवर लॉगआउट. मग उधारीची वही काढली आणि त्या दिवसांत पेनड्राईव्ह लावलेल्या ज्यांचे नंबर होते, त्या एकोणीस जणांना फोन केले. चौघांचे बाधलेले निघाले. एक गुरुजी तर शाळेतल्या कम्प्युटरला लावून बसले होते. तिथं जाऊन मीच साफ करून दिलं.

आता अँटिव्हायरस कोणतं घ्यावं, हे मला अजूनही रोज कुणीतरी विचारतं. पेड घेतलं की सुटलो, असं नाही. हे मी वरती भोगलेलं सांगितलंच. अँटिव्हायरसची परीक्षा घेणाऱ्या दोन संस्थांचे निकाल मी बघते: जर्मनीतल्या माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापर यांना प्रत्येकी सहापैकी गुण देते. चार जीबी रॅमच्या मशीनवाल्यांनी वेगाचा रकाना आधी वाचावा. डिफेंडर तिथं पेडच्या बरोबरीनं उभा असतो, हे बघून मला नवल वाटलं होतं. आधीचं माझं पेड अँटिव्हायरस अंगठ्याच्या यंत्राची सर्व्हिसच अडवायचं आणि गर्दीत मला ते बंद करावं लागायचं. जे अँटिव्हायरस कामाच्या वेळी बंद करावं लागतं, ते आपल्या कामाचं नाही.

दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका, एकमेकांच्या पायात येतात. दुसरं बसवलं की डिफेंडर आपण होऊन बाजूला होतो, म्हणून त्या दुसऱ्याची मुदत संपली आहे का यावर लक्ष ठेवा. मालवेअरबाइट्स नावाच्या साधनाचं मोफत रूप नुसतं तपासून साफ करतं, राखण करत नाही. दुसरं मत घ्यायला ते चांगलं. 'फुकट आहे' एवढ्यावर भुलू नका. वापरणाऱ्यांची ब्राउझिंगची माहिती विकल्याच्या प्रकरणात अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीला २०२४ मध्ये अमेरिकेत १ कोटी ६५ लाख डॉलर भरायचा आदेश झाला. कॅस्परस्कीच्या विक्रीवरही अमेरिकेनं जून २०२४ मध्ये तिकडं बंदी घातली, तेही माहीत असू द्या. मी त्यांची रेस्क्यू डिस्क एका रात्रीपुरती वापरली आणि तिनं काम चोख केलं. आपल्या सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून आहे, तिथंही साफ करायची साधनं मोफत मिळतात.

भाच्याच्या लॅपटॉपवर आम्ही क्विक हील घेतलं, कंपनीच्या साईटवरून, बिलासकट. पेनड्राईव्ह लावला की ते आधी तपासायचं विचारतं आणि कॉलेजच्या पोरांना हेच हवं. ही कंपनी पुण्याची. कैलास काटकरांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली आणि १९९५ मध्ये भावाच्या, संजय काटकरांच्या, साथीनं पहिलं अँटिव्हायरस बाजारात आणलं. दुरुस्तीच्या टेबलावरून उठलेल्या माणसाला गिऱ्हाईकाचा त्रास कळतो, असं मला मनापासून वाटतं. काउंटरवर मात्र मी नुसता डिफेंडर ठेवलाय. रोजचं काम वेगळ्या, ॲडमिन नसलेल्या अकाउंटवरून, आणि क्रॅक एकही नाही. पत्रिका आता इंकस्केप या मोफत डिझाईन सॉफ्टवेअरवर युनिकोड फॉन्टमध्ये करते. जुन्या फॉन्टमधली वळणं मागणारी काही गिऱ्हाइकं गेली, ती गेली.

राहिला दुसरा कम्प्युटर. तो जुना, विंडोज ११ त्याच्यावर चढत नाही, आणि विंडोज १० च्या नेहमीच्या सुरक्षा अपडेटची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. भंगारात द्यायच्या आधी त्याच्यावर लिनक्स मिंट टाकून पाहिलं, आणि सगळ्यात जास्त समाधान मला त्यानंच दिलं. आता बाहेरचा कोणताही पेनड्राईव्ह आधी तिथंच लागतो. विंडोजच्या स्क्रिप्ट तिथं चालत नाहीत. आणि गंमत अशी, की व्हायरसनं लपवलेल्या फाईली तिथं लपतच नाहीत, सरळ समोर दिसतात. ॲट्रिब नको, काही नको. वर्डची फाईल कधीकधी मोडते, मराठी फॉन्ट हलतो, म्हणून पोरांना पीडीएफ आणायला सांगते. प्रिंटर पहिल्याच दिवशी लागला.

परवा मानवतचा एक पोरगा भरतीच्या फॉर्मचे कागद घेऊन आला. पेनड्राईव्ह काउंटरकडं सरकवत म्हणाला, "ताई, कुठंबी लावला की बाण येऊ लागलेत." मी म्हटलं, "इकडं नको, त्या कोपऱ्यातल्याला लाव." त्यानं लावला. सगळ्या फाईली जागच्या जागी होत्या, दहावीच्या गुणपत्रिकेसकट. शॉर्टकट आणि स्क्रिप्ट मी त्याच्यादेखत डिलीट केल्या, सहा पानं प्रिंट काढून दिली, आणि सहा पानांचेच पैसे घेतले.